सही करण्याआधी शेवटची पाने वाचा



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या अम्मीला घेऊन घरी आला. पिरंगुटच्या एका कारखान्यात तो सहा वर्षे कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपले आणि नोकरीही गेली. आता पौड रस्त्याला एका चहाच्या ब्रँडची फ्रँचायझी घ्यायचे घरात ठरले होते. अब्बांच्या निवृत्तीचे पैसे, थोडे कर्ज आणि अम्मीच्या बांगड्या असा नऊ लाखांचा हिशेब जुळला होता.

हातातल्या फाईलमध्ये चौतीस पानांचा इंग्रजी करारनामा होता. "सर, नाव-पत्त्याचं स्पेलिंग तेवढं बघा," तो म्हणाला. "उद्या सही आहे."

आम्ही उर्दू आणि मराठीचे शिक्षक. इंग्रजी कामापुरते येते आणि कायदा त्याहून कमी. पण पेपर तपासून तपासून एक सवय लागली आहे. पेपर हातात आला की आम्ही शेवटचे पान आधी बघतो, कारण विद्यार्थ्याची घाई तिथे उघडी पडते. हा करारनामाही आम्ही मागूनच उघडला. सव्विसाव्या पानावर ‘समाप्ती’ असे शीर्षक होते आणि त्याखाली दोन याद्या होत्या. पहिल्या यादीतली चूक झाली तर कंपनी नोटीस देणार आणि ती सुधारायला तीस दिवस मिळणार. दुसऱ्या यादीत बरीच कारणे होती. त्यांपैकी एकही घडले तर कंपनी कोणतीही पूर्वसूचना न देता करार तात्काळ संपवू शकत होती.

"ही कारणं वाचलीस का?" आम्ही विचारले.

"सर, ते सगळ्यांच्याच करारात असतं, असं कंपनीचे साहेब म्हणाले."

साहेब खोटे बोलले नव्हते. असे कलम बहुतेक सगळ्याच करारांत असते, आणि म्हणूनच या महिन्यात त्याविषयी लिहावे असे वाटले. आपल्या घरातली बरीच मुले आज चहा, आइस्क्रीम, बिर्याणी, औषधे, कुरिअर, क्लासेस अशा कुठल्या ना कुठल्या फ्रँचायझीचा विचार करत आहेत. सुरुवात कशी करायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. व्यवहार संपतो कसा, हे मात्र कोणी सांगत नाही.

फ्रँचायझी म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत पाहू. नाव, पाट्या, पाककृती आणि कामाची पद्धत कंपनीची असते. जागा, भांडवल, नोकर, वीजबिल आणि तोटा आपला असतो. नाव वापरण्याबद्दल आपण सुरुवातीला फी देतो आणि पुढे विक्रीच्या काही टक्के रॉयल्टी देतो. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. दुकानाचे शटर आपण उघडतो म्हणून दुकान आपले वाटते. पण गिऱ्हाईक ज्या नावाला बघून येते, ते नाव आपल्याकडे करार चालू असेपर्यंतच असते. करार संपला की त्याच दिवशी पाटी उतरवावी लागते.

मग कंपनीला तात्काळ करार मोडण्याचा अधिकार हवाच कशाला? कंपनीच्या बाजूनेही बघायला हवे. एकाच नावाची शंभर दुकाने असतील आणि त्यांतल्या एका दुकानातले खाऊन लोकांना विषबाधा झाली, तर बाकीच्या नव्व्याण्णव दुकानदारांच्या पोटावर पाय येतो. तिथे तीस दिवसांची मुदत देऊन वाट बघणे हा इतरांवर अन्याय होईल. म्हणून काही चुका अशा मानल्या जातात की त्या सुधारता येत नाहीत, किंवा सुधारल्या तरी विश्वास परत येत नाही.

आमच्या विद्यार्थ्याच्या करारातली ही कारणे आम्ही वहीच्या पानावर मराठीत उतरवली, तेव्हा त्यांचे चार गट पडले.

पहिला गट लोकांच्या आरोग्याचा आणि कायद्याचा. भेसळ, अस्वच्छता, मुदत संपलेला माल वापरणे, अन्न परवाना रद्द किंवा निलंबित होणे, मालकाला गुन्ह्यात शिक्षा होणे. दुसरा गट सचोटीचा. विक्री कमी दाखवून रॉयल्टी चुकवणे, बिलाच्या मशिनशी छेडछाड करणे, कंपनीचा माल न घेता बाहेरून स्वस्त पावडर आणणे, फ्रँचायझी मागताना अर्जात खोटी माहिती देणे. तिसरा गट नावाचा. कंपनीचे नाव परवानगीशिवाय दुसरीकडे लावणे, पाककृती बाहेर सांगणे, शेजारी दुसऱ्या नावाने तसेच दुकान काढणे. चौथा गट दुकानाच्या परिस्थितीचा. दिवाळखोरी, जागेचा ताबा जाणे, परवानगीशिवाय दुकान दुसऱ्याला चालवायला देणे, दुकान बंद ठेवणे आणि वर्षभरात तीन नोटिसा येणे.

यातले पहिले दोन गट वाचून आमच्या विद्यार्थ्याला काळजी वाटली नाही. "सर, आपण भेसळ थोडीच करणार?" तो म्हणाला. बरोबर आहे. हलाल रोजी कमावू पाहणाऱ्याला या दोन गटांची भीती नको. पण आपण करत नाही एवढे पुरत नाही, आपल्या दुकानात ते होत नाही याचा पुरावाही लागतो. खरेदीची बिले, स्वच्छतेची नोंदवही, रोजच्या विक्रीचा हिशेब हे सगळे तारखेनुसार ठेवावे लागते. चूक पगारी मुलाने केली तरी करारात नाव मालकाचेच असते.

पेट्रोल पंपांचे उदाहरण घ्या. पंपाची डीलरशिप म्हणजे शब्दशः फ्रँचायझी नव्हे, पण जात तीच. नाव तेल कंपनीचे, राबणे डीलरचे. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घातले होते, ते वाचकांना आठवत असेल. इंधन मोजणाऱ्या यंत्रात चिप बसवून माप मारले जात होते. सरकारी तेल कंपन्यांची डीलरांसाठी लेखी नियमावली आहे आणि तिच्यात चुकांच्या पायऱ्या लावलेल्या आहेत. इंधनात भेसळ, मापाच्या यंत्राचे सील तोडणे, यंत्रात बेकायदा जोडणी करणे या चुका पहिल्यांदा सापडल्या तरी डीलरशिप जाऊ शकते. त्याहून हलक्या चुकांना दंड, काही दिवस पुरवठा बंद किंवा ताकीद अशी शिक्षा आहे. कोणत्या चुकीला काय होणार, हे आधीच लिहिलेले आहे. चहाच्या दुकानाच्या करारातही अशा पायऱ्या असाव्यात, एवढीच आपली अपेक्षा आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. फ्रँचायझीसाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा आणि दोघांनी सही केलेला करारनामा, यांवरच सगळे चालते. करार कायद्याचे कलम ३९ सांगते की एका बाजूने आपले वचन पूर्णपणे पाळायला नकार दिला, किंवा ते पाळता येणार नाही अशी स्थिती स्वतःच करून घेतली, तर दुसरी बाजू करार संपवू शकते. म्हणजे करारात यादी नसती तरी मोठ्या वचनभंगाला हा मार्ग होताच. यादीमुळे लहान गोष्टींनाही मोठ्या वचनभंगाचा दर्जा मिळतो, आणि काळजी करण्यासारखी गोष्ट तीच आहे.

समजा, कंपनीने चुकीच्या कारणाने करार मोडला. मग न्यायालय दुकान परत देईल का? याचे उत्तर सही करण्याआधी प्रत्येकाला माहीत असायला हवे. अमृतसरच्या एका गॅस वितरकाची एजन्सी इंडियन ऑइलने काढून घेतली. लवादाने ती परत द्यायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९० साली निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की तीस दिवसांची नोटीस देऊन, कारण न सांगता करार संपवण्याची मुभा याच करारात दोन्ही बाजूंना आहे. असा करार जबरदस्तीने चालू ठेवायला लावता येत नाही. वितरकाला मिळाली ती त्या तीस दिवसांच्या नोटिशीच्या काळापुरती भरपाई. संपवता येण्याजोगा करार न्यायालयाने पुन्हा चालू करून देऊ नये, हे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १४ मध्येच आहे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. तुमच्या करारात ‘कोणतेही कारण न देता तीस दिवसांच्या नोटिशीने’ असे एक वाक्य असेल, तर खटला जिंकूनही हातात एका महिन्याची भरपाई पडू शकते. पाच वर्षांचा करार आहे म्हणून पाच वर्षांची शाश्वती आहे, असे समजू नका.

याची दुसरी बाजूही आहे. एका पंपचालकाची डीलरशिप नमुना नापास झाल्याच्या कारणावरून गेली होती. ती २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने परत मिळवून दिली, कारण दिलेले कारण टिकणारे नव्हते. दिल्लीच्या एका जुन्या पंपाची डीलरशिप छाप्यानंतर लगेच, बाजू मांडायची संधी न देता काढून घेतली होती. तो निर्णयही न्यायालयाने २०११ साली रद्द केला. पण या दोन्ही ठिकाणी समोर सरकारी कंपनी होती. सरकारी कंपनीवर नागरिकाशी न्यायाने वागण्याचे घटनेचे बंधन असते. खासगी चहा कंपनीवर तसे बंधन नाही. तिथे तुमचे रक्षण करारात जेवढे लिहून घेतले असेल, जवळजवळ तेवढेच.

हे फक्त लहान माणसाच्या बाबतीत होते असेही नाही. आपल्या राज्यात फ्रँचायझी हा शब्द घरोघरी पोहोचला तो विजेमुळे. महावितरणने काही शहरांचे वीजवाटप खासगी कंपन्यांना फ्रँचायझी म्हणून दिले. भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर आली आणि पहिली दहा वर्षे संपल्यावर तिला मुदतवाढ मिळाली. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०११ साली जीटीएल कंपनी आली. महावितरणची देणी थकली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये महावितरणने करार संपवून कारभार परत हातात घेतला. नागपुरात २०१९ साली फ्रँचायझी कंपनीनेच पैशाअभावी हात टेकले. तीन शहरांत तीन शेवट झाले, आणि थकबाकी हे त्यांतले सर्वांत जुने आणि सर्वांत साधे कारण आहे.

मॅकडोनाल्ड्सचेही उदाहरण आहे. उत्तर आणि पूर्व भारतातली त्यांची दुकाने दिल्लीचे विक्रम बक्षी यांच्यासोबतच्या भागीदारी कंपनीकडे होती. भागीदारी १९९५ ची. पुढे भांडण झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने रॉयल्टी न भरण्यासह कराराचा भंग झाल्याचे सांगत १६९ दुकानांची फ्रँचायझी संपवल्याचे जाहीर केले आणि नाव-चिन्हांचा वापर थांबवायला पंधरा दिवस दिले. आपल्या पुण्या-मुंबईतली दुकाने वेगळ्या कंपनीकडे असल्याने त्यांना धक्का लागला नाही. बक्षींकडे वकील होते, कंपनी न्यायाधिकरणापर्यंत जाण्याची ताकद होती. दुकाने चालत राहिली आणि २०१९ च्या मे महिन्यात तडजोड झाली. पौड रस्त्यावरचा चहावाला दोन वर्षे भांडू शकतो का? त्याचे दुसऱ्याच महिन्याचे भाडे थकते.

त्या संध्याकाळी आम्ही चौथ्या गटातले एक कलम मोठ्याने वाचले. लेखी परवानगीशिवाय दुकान सलग तीन दिवस बंद राहिले, तर ते ‘सोडून दिले’ असे मानून करार तात्काळ संपेल.

"आता सांग," आम्ही म्हटले, "ईदला दुकान किती दिवस बंद ठेवशील?"

तो गप्प झाला. ईदचे दोन दिवस आणि तिसऱ्या दिवशी बहिणीकडे जाणे, हा त्या घरचा रिवाज. घरात कोणाची मय्यत झाली तर? मुळशीचा पाऊस तर सगळ्यांना माहीत आहे. ताम्हिणीत दरड कोसळली की रस्ता बंद होतो, वीज दोन-दोन दिवस जाते. कंपनीच्या शहरातल्या कार्यालयात बसून ज्यांनी हे कलम लिहिले, त्यांच्या डोळ्यांसमोर मॉलमधले दुकान असेल. त्यांची नियत वाईट नसेलही, पण त्यांच्या कागदात आमचा तालुका नव्हता.

दुसरे कलम दरमहा किमान माल खरेदीचे होते. सलग तीन महिने ती खरेदी झाली नाही तर करार तात्काळ रद्द. आमच्याकडे धरणाकडे आणि घाटाकडे जाणाऱ्यांची गर्दी पावसाचे तीन-चार महिने असते. मार्च ते मे दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. म्हणजे त्या कलमाने बिचाऱ्याचा करार पहिल्याच उन्हाळ्यात धोक्यात आला असता, तोही काहीही गैर न करता.

तिसऱ्या कलमावर भाषेचा शिक्षक म्हणून आमची नजर अडली. ‘कंपनीच्या मते ब्रँडच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असे वर्तन.’ या वाक्यात जड शब्द ‘प्रतिष्ठा’ नाही, ‘कंपनीच्या मते’ हे दोन शब्द आहेत. बाधा आली की नाही हे ठरवणार कोण, तर तीच कंपनी. ज्या कारणाला मोजमाप आहे, तारीख आहे, कागद आहे, ते कारण कठोर असले तरी चालेल. ज्या कारणाचा न्यायाधीश समोरची बाजूच आहे, ते मात्र धोक्याचे.

इतका वेळ अम्मी काही बोलल्या नव्हत्या. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. आता त्यांनी विचारले, "सर, दुकान गेलं तर मशिन कुणाचं?"

आमच्या मनात हा प्रश्न आला नव्हता. पाने उलटून बघितले. करार संपला की कंपनीची इच्छा असेल तर ती मशिन घसारा वजा करून घेणार, आणि घसाऱ्याचा दर तीच ठरवणार. इच्छा नसेल तर मशिन आपल्याकडेच, पण त्यावरचे नाव खरवडून. अनामत रक्कम जप्त होणार. कर्जाचे हप्ते मात्र चालू राहणार, कारण बँकेचा करार वेगळा. जागेच्या लिव्ह अँड लायसन्स करारात दोन वर्षांचा लॉक-इन होता, म्हणजे दुकान बंद होऊनही भाडे चालूच. शिवाय दोन वर्षे आसपास चहाचा धंदा करायचा नाही, अशीही अट होती.

यातल्या दोन गोष्टींत कायदा थोडा आपल्या बाजूने आहे. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी वाजवी भरपाईपेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आणि कलम २७ नुसार एखाद्याला धंदा करण्यापासून रोखणारी अट सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते. करार चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल न विकण्याची अट मात्र चालते. गुजरात बॉटलिंग आणि कोका-कोला यांच्यातले प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून वर गेले, तेव्हा १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच मानले. थोडक्यात, करार संपल्यावर स्वतःच्या नावाने साधा चहा विकायला बहुधा कोणी अडवू शकणार नाही. पण कंपनीची पाटी, तिचे कप, तिची पाककृती वापराल तर तो वेगळा गुन्हा होईल.

मुळशीच्या माणसाला कागदाचे महत्त्व शिकवावे लागत नाही. धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा १९२१ मध्ये याच मातीत सत्याग्रह झाला. नंतर हिंजवडी झाली, लवासा झाली. सातबाऱ्यावरचे नाव, विसार पावती, कुलमुखत्यारपत्र यांचा अर्थ इथल्या शेतकऱ्याच्या पोरालाही कळतो. एक गुंठा विकताना आम्ही वकिलाकडे तीन खेपा घालतो. पण नऊ लाखांच्या फ्रँचायझीवर स्पेलिंग तपासून सही करायला निघतो, कारण समोर मोठे नाव असते.

व्यवहार लिहून ठेवण्याविषयी सूरह बकरामध्ये जी आयत आहे, ती कुरआनातली सर्वांत लांब आयत. तिच्यात एक गोष्ट आमच्या नेहमी लक्षात राहते. ज्याच्यावर देणे आहे, मजकूर त्याने सांगायचा आहे, आणि त्याला सांगता येत नसेल तर त्याच्या वतीने जबाबदार माणसाने. म्हणजे जो बांधला जाणार, त्याला आपण काय कबूल करतो आहोत हे पूर्ण माहीत हवे. फ्रँचायझीच्या छापील करारात उलटे असते. मजकूर घेणाऱ्याचा आणि सही देणाऱ्याची. निदान ती सही करण्याआधी वाचून घेणे, नसेल कळत तर जाणकाराकडून समजून घेणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी सही झाली नाही. पौडच्या एका वकिलांकडे आम्ही दोघे गेलो. त्यांची फी दीड दिवसाच्या विक्रीएवढीही नव्हती. त्यांच्या मशवऱ्याने कंपनीला पाच मागण्यांचे पत्र गेले. सण, मय्यत आणि प्रशासनाने रस्ता बंद केलेले दिवस बंदच्या दिवसांत धरू नयेत. रॉयल्टी थकली तर आधी लेखी नोटीस आणि पंधरा दिवस द्यावेत. ‘कंपनीच्या मते’ काढून त्या जागी लेखी कारण आणि पुरावा असावा. किमान खरेदी महिन्याची न धरता वर्षाची धरावी. आणि लवाद पुण्यात बसावा, तो दोघांच्या संमतीने नेमावा. एकाच बाजूने एकट्याने लवाद नेमणे योग्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितले आहे, असे वकिलांनी पत्रात घातले.

कंपनीचे साहेब आधी नाराज झाले. "आजवर असं कुणी मागितलं नाही," असे म्हणाले. पण तीन आठवड्यांनी उत्तर आले. बंदच्या दिवसांची आणि रॉयल्टीच्या मुदतीची मागणी मान्य झाली. वार्षिक खरेदी मान्य झाली. लवाद दोघांच्या संमतीने नेमायचे ठरले, पण बसणार कंपनीच्याच शहरात. ‘कंपनीच्या मते’ हे शब्द राहिले. कारण ई-मेलने लेखी कळवू, एवढेच त्यात वाढले.

मग घरात पुन्हा बैठक झाली. ते दोन शब्द कागदावर राहणार असतील, तर किती पैसे लावायचे, असा विषय निघाला. मोठ्या दुकानाऐवजी लहान टपरीवजा दुकान घ्यायचे ठरले, ते पाच लाखांत बसले. बांगड्या घरातच राहिल्या. जागेच्या मालकाशी बोलून लॉक-इन सहा महिन्यांवर आणला. फ्रँचायझी गेली तर एका महिन्याच्या नोटिशीवर जागा सोडता येईल, असे त्या करारात लिहून घेतले. एका कराराचा शेवट दुसऱ्या कराराला सांगून ठेवावा, ही वकिलांची शिकवण आम्हांलाही नवी होती.

वाचकहो, तुमच्या घरी असा कागद आला तर एवढेच करा. करार तात्काळ संपवण्याची कारणे वेगळ्या कागदावर आपल्या भाषेत उतरवा. प्रत्येक कारणापुढे लिहा, हे आपल्या हातात आहे का, आणि हे ठरवणार कोण. जे आपल्या हातात आहे त्याच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा. जे पावसाच्या, रस्त्याच्या, आजारपणाच्या हातात आहे, त्यासाठी मुदत मागा. जे फक्त समोरच्याच्या मर्जीवर आहे, ते बदलत नसेल तर आपले पैसे कमी करा. नोटीस कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या ई-मेलवर येणार, हे तपासा. नोटीस आली तर फोनवर समजूत घालत बसू नका, लेखी उत्तर द्या. आणि घरातल्या बायकांना त्या बैठकीत बसवा. दागिने त्यांचे असतात, प्रश्नही त्याच नेमके विचारतात.

ऑगस्टमध्ये दुकान सुरू झाले. यंदाच्या ईदच्या आठ दिवस आधी आमच्या मोबाईलवर त्याचा एक फोटो आला. तीन दिवस दुकान बंद ठेवण्याचा अर्ज आणि त्यावर कंपनीची लेखी मंजुरी. खाली त्याने लिहिले होते, "सर, फाईलला लावलं."

ईदच्या दुसऱ्या दिवशी तो अम्मीला घेऊन आमच्याकडे आला. शीरखुर्मा पिताना दुकानाचा विषय निघाला नाही.